भूतदया कोणाच्या खर्चाने?

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. शासनाच्या निर्णयात मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी या जातींची नावं आहेत. एक लातूर जिल्ह्यातल्या देवणीची, दुसरी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची. आपल्याकडच्या माणसाची छाती जरा फुगावी असाच तो कागद. पुढे नऊ महिन्यांनी, २०२५ च्या जुलैत, त्याच लातूर जिल्ह्यातला, अहमदपूर तालुक्यातला साठी उलटलेला एक शेतकरी बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपलेला साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिला. मागे औत धरायला त्याची बायको. बैलजोडी घेणं परवडत नाही आणि ट्रॅक्टरचं भाडंही परवडत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. व्हिडिओ गाजला, मदत धावून आली, विषय मिटला.

या दोन बातम्या कुणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर एक साधा प्रश्न पडला असता. ज्या जिल्ह्याच्या नावावर गोवंशाची एक नामांकित जात आहे, तिथल्या शेतकऱ्याच्या दावणीला बैल का नाही? पण हल्ली गोवंशाबद्दल बोलायचं म्हणजे फलक लावायचा, गोशाळेची पावती फाडायची, नाहीतर रात्री रस्त्यावर टेम्पो अडवून चालकाची गचांडी धरायची. या सगळ्याला भूतदया म्हणतात. टेम्पो अडवणाऱ्याच्या घरी दावण नसते, वैरण नसते, शेणात हात घालायची वेळ त्याच्यावर येत नाही. त्याची दया त्याला फुकट पडते. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो: जिचा खर्च दुसऱ्याने सोसायचा ती दया नव्हे, तो हुकूम आहे. आणि हुकमाने जनावरांची कुठलीही जात टिकत नाही.

आपल्याकडे हा विचार असा नव्हता. चक्रधरांनी पारध्यांपासून वाचवलेला ससा, नामदेवांनी कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणं, एकनाथांनी रामेश्वराला न्यायच्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी घालणं, या गोष्टी मराठी घरात कुणाला सांगाव्या लागत नाहीत. नामदेवांचं नाव नरसीशी जोडलेलं, एकनाथ पैठणचे. दोघेही आपल्याच मुलखातले. या कथांमध्ये चमत्कार किती आणि इतिहास किती, याची चर्चा बाजूला ठेवू. तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. पोळी गेली ती नामदेवांची, वर तूपही त्यांचंच. कावड रिकामी झाली ती एकनाथांची, आणि त्याबरोबर यात्रेचं पुण्यही पणाला लागलं. पारध्यांसमोर उभे राहिले ते स्वतः चक्रधर. नाथांनी दुसऱ्या यात्रेकरूच्या कावडीतलं पाणी गाढवाला पाजलं असतं तर ती कथा चारशे वर्षं टिकली नसती.

इंग्रजी अमलात दया आणि खर्च यांची ही सांधेजोड निखळली. १८७४ मध्ये दिनशा पेटिट यांच्या पुढाकाराने मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था उभी राहिली, १८९० मध्ये देशभरासाठी कायदा आला. काम मोलाचं होतं, यात शंका नाही. पण चाबूक ज्याच्या हातात तोच गुन्हेगार, ही रीत तेव्हाच पडली. गाडीत माल कुणाचा, तो वेळेत पोचवण्याची घाई कुणाची, हे कायद्याने विचारलं नाही. याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातला गाईबैलांचा भाग आज दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात. गोऱ्या शिपायांच्या जेवणासाठी गाईबैल मारले जातात, त्याने शेतकऱ्याच्या औताची जनावरं घटतात, ही जोतीरावांची तक्रार होती. बेणं पुरेसं वाढेपर्यंत सरकारने शिपायांना शेळ्यामेंढ्या खाऊ घालाव्यात किंवा मांस बाहेरून विकत आणावं, हा त्यांचा उपाय. जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर बंद केल्याचा रागही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे बैल वाचवायचा तर चराई मोकळी करा, आणि खर्च येईल तो सरकारने उचला. जोतीरावांच्या मांडणीत गोरक्षणाचं बिल शेतकऱ्याच्या दारात येत नाही.

त्यानंतरची साठ-पासष्ट वर्षं भरभर ओलांडता येतात. गोरक्षिणी सभा, १८९३ च्या दंगली, गाय उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं बजावणारे सावरकर, हे सारं आपण शाळेपासून ऐकत आलो. थांबायचं ते २४ नोव्हेंबर १९४८ ला, घटना समितीत. पंडित ठाकूरदास भार्गव यांनी गोवंशरक्षणाची दुरुस्ती मांडली, ती शेतीच्या दारातून. आज ती अनुच्छेद ४८ म्हणून आपल्यासमोर आहे. शेती आणि पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करणं हे त्याचं पहिलं वाक्यांग. मग जातींचं जतन आणि सुधारणा. आणि शेवटी गाई, वासरं, दुभती व जुंपणीची जनावरं यांच्या कत्तलीला बंदी. आसामचे सय्यद मोहम्मद सादुल्ला यांनी सभेत सुनावलं होतं की कारण धार्मिक असेल तर सरळ तसं म्हणा, अर्थशास्त्राच्या आडोशाने नको. ते कुणी मनावर घेतलं नाही. तरीही अनुच्छेदातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गोठा, मग जात, मग बंदी. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आपण ते कलम शेवटाकडून वाचायला शिकलो.

आता ज्या वळणाचा सगळे चुकीचा अर्थ लावतात, तिकडे येतो. सर्वसाधारण समज असा की आधी कायद्याचं पारडं उपयुक्ततेकडे झुकलेलं होतं आणि नंतर श्रद्धेने ते आपल्याकडे ओढलं. भाविक याला विजय म्हणतात, पुरोगामी याला पराभव म्हणतात, पण गोष्ट दोघेही एकच सांगतात. ती गोष्ट खरी नाही.

एप्रिल १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हनीफ कुरेशी खटल्याचा निकाल दिला. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातले कायदे समोर होते. न्यायालय म्हणालं, गाय आणि वासरू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी चालेल. बैल, वळू आणि म्हैस यांच्यावर मात्र ती काम, पैदास किंवा दूध देण्यासारखी असेपर्यंतच. कारण काय दिलं? वैरण. देशात चारा अपुरा आहे, निकामी जनावरं कामाच्या जनावरांच्या तोंडचा घास खातात. हा हिशेब गव्हाणीजवळ उभं राहून केलेला आहे. अशाच तत्त्वावर महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा उभा होता. गाय मारायची नाही, बैल निकामी झाल्याचा दाखला मिळाला तर मारता येईल.

२६ ऑक्टोबर २००५ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी हे बदललं. गुजरातचा बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरचा संपूर्ण बंदीचा कायदा वैध ठरला. हा निकाल श्रद्धेच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो. पण तो वाचून पाहावा. पानोपानी चर्चा आहे ती उपयुक्ततेची. बैल म्हातारा झाला तरी निकामी होत नाही, कारण तो शेण देतो. म्हातारा बैल वर्षाला पाच टन शेण आणि ३४३ पौंड मूत्र देतो, त्यातून वीस गाड्या खत होतं, ते चार एकरांना पुरतं, असा हिशेब निकालात आला आहे. शेणाचं मोल कोहिनूर हिऱ्याहून अधिक, इथपर्यंत गोष्ट गेली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेलं अनुच्छेद ५१-क, जे प्रत्येक नागरिकावर प्राणिमात्रांबद्दल दया बाळगण्याचं कर्तव्य घालतं, त्याचाही आधार घेतला गेला. आयुष्यभर राबलेल्या जनावराला म्हातारपणी निकामी ठरवणं ही कृतघ्नता आहे, असंही न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे १९५८ मध्येही प्रश्न उपयोगाचा होता आणि २००५ मध्येही तोच होता. बदलली ती खतावणी. १९५८ मध्ये हिशेब गोठ्याचा होता: या जनावराला घालायला चारा आहे का? २००५ मध्ये तो राष्ट्राचा झाला: या जनावरापासून देशाला काही मिळतं का? देशाच्या खतावणीत शेण जमेला धरलं, ते रास्तच. पण शेण आकाशातून पडत नाही, ते कडब्यातून येतं. चारशे किलोच्या बैलाला रोज आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते. वर्षाला तीन टनांच्या आसपास. ती कुठून येणार, कुणाच्या रानात पिकणार, दुष्काळात कोण विकत आणणार, हा खर्चाचा रकाना मात्र शेतकऱ्याच्या वहीत राहिला. जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत लिहिला की कुठलाही धंदा फायद्यातच दिसतो.

असं झालं कसं? दोन्ही खटल्यांत अर्जदार कोण होते, ते पाहा. कुरेशी, कसाब जमात, मांसाचे व्यापारी. न्यायालयासमोर प्रश्न आला तो खाटकाच्या धंद्याचा हक्क विरुद्ध समाजाचं हित, असा. ज्याच्या सात-बाऱ्यावर ते जनावर जगतं, ज्याच्या मालकीचं ते आहे, तो शेतकरी यात मुख्य बाजू म्हणून उभाच राहिला नाही. न्यायालयाने कृतघ्नता म्हटलं, शब्द मनाला लागतोही. पण ऋण कुणाचं? बैलाने ओढलेल्या नांगरातून पिकलेली ज्वारी फक्त त्याच्या मालकाने खाल्ली नाही. लातूरच्या आडतीतून ती मुंबई-पुण्याच्या ताटात गेली. ५१-क मधलं कर्तव्य प्रत्येक नागरिकाचं आहे. वसुली मात्र एकाच घरातून होते.

महाराष्ट्राने १९९५ मध्ये मंजूर केलेलं आणि वीसेक वर्षं दिल्लीत पडून राहिलेलं विधेयक मार्च २०१५ मध्ये कायदा बनून आलं. बैल आणि वळूही बंदीत आले, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा हजार रुपये दंड. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कारण कुणी घरात काय खावं हा खासगीपणाचा भाग आहे. निकालाचं पुरोगाम्यांनी स्वागत केलं. मलाही ते तत्त्व मान्य आहे. पण परिणाम बघा: मुंबईच्या ताटाला दिलासा मिळाला, हाळीच्या बाजाराला मिळाला नाही.

उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार आणि लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना बैलाचं अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही. अदात गोऱ्हा घ्यायचा, औताला वळण लावायचं, चारदाती झाला की भारी कामाला जुंपायचा, ऐन उमेदीत विकला तर वर दोन पैसे कमवायचे, नाहीतर पाच-सात हंगाम राबवून उतरत्या वयात कमी जमिनीच्या शेतकऱ्याला द्यायचा. त्याच्याकडे आणखी काही वर्षं हलकं काम. शेवटी जो भाव येईल त्यात थोडी भर घालून पुन्हा गोऱ्हा. रुमालाखाली बोटं धरून होणाऱ्या प्रत्येक सौद्यात या साखळीची शेवटची कडी गृहीत धरलेली असते. जोडीची किंमत केवळ तिच्या खांद्याची नसते. ती उद्या विकता येईल या भरवशाचीही असते. तो भरवसा गेला की नवी जोडी घेणं ही गुंतवणूक राहत नाही, आयुष्यभराचं ओझं होतं. २०२५ च्या पावसाळ्यात, रस्त्यावरच्या अडवणुकीला कंटाळून कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकरी संघटनांनाच खरेदीदारांच्या बाजूने बोलावं लागलं. साठ-पासष्ट वर्षं न्यायालयात समोरासमोर न आलेली शेतकरी आणि खाटीक ही दोन माणसं बाजारात एकाच बाजूला उभी आहेत, हे तेव्हा उघड दिसलं.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: दाखल्याची जुनी पद्धत सचोटीने चालत नव्हती, धडधाकट बैलही निकामी ठरवून कापले जात. खरं आहे. पण दाखला खोटा निघतो म्हणून दाखला देणाऱ्याला वठणीवर आणायचं असतं. त्याऐवजी आपण सगळा भार शेतकऱ्याच्या अंगावर टाकला. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: बैल तर कायद्याच्या आधीपासूनच घटत होते. हेही खरं आहे, आणि कायद्याचे विरोधक हे सोयीने दडवतात. वाटण्या होत होत रानाचे तुकडे झाले, चार एकराला जोडी सांभाळणं जड जाऊ लागलं, भाड्याचा ट्रॅक्टर दारात आला. १९७० च्या दूध महापूर योजनेनंतर पशुपालनाचं सगळं धोरण लिटरवर मोजलं जाऊ लागलं. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेपासून सरकारी दवाखान्यापर्यंत सर्वांनी संकरित गाय दारोदार पोचवली, आणि गरिबाच्या घरात त्यातून पैसा आला हे नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण त्या मापात देवणी अर्धी बसली आणि लाल कंधारी बसलीच नाही. या जाती काळ्या जमिनीत, उन्हाच्या तडाख्यात औत ओढण्यासाठी घडलेल्या. दूध डेअरीवर त्यांच्या खांद्याला भाव मिळत नव्हता.

आणि सगळ्यात मोठा बदल पिकाचा. लातूर आज सोयाबीनचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्याआधी तो ज्वारीचा होता. ज्वारीने माणसाला भाकरी दिली आणि बैलाला कडबा. सोयाबीन माणसाला पैसा देतं, बैलाला देतं ते भुसकट. कडब्याची सर त्याला नाही. दावण रिकामी होण्याची सुरुवात खाटकाच्या सुरीने झाली नाही, ती पेरणीच्या निर्णयाने झाली. म्हणून कत्तल थांबवली की गोवंश वाचेल हे जितकं चूक, तितकंच कायदा उठवला की बैल परत येतील हेही चूक. कायद्याने जे केलं ते इतकंच की आधीच अडचणीत आलेल्या शेतकऱ्याचा बाहेर पडायचा शेवटचा दरवाजा बंद केला आणि त्याला दया असं नाव दिलं.

या बंदीच्या सावलीत जे वाढतं ते मात्र क्रौर्यच आहे. भाकड गाय आणि थकलेला बैल रात्री दुसऱ्याच्या शिवारात सोडून दिला जातो, तिथे तो काठ्या खातो. नर वासराला आईचं दूध पुरेसं पाजलं जात नाही, ते दावणीलाच रोडावत जातं. सुरीच्या क्रौर्यावर कलम आहे. उपासमारीच्या क्रौर्याला साक्षीदार नाही. उलट, राबत्या जनावरासाठी जिथे कलम आहे तिथे कुणी फिरकत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. मार्चमध्ये साखर कारखान्याच्या रस्त्यावर भर दुपारी उसाने लादलेली टायरगाडी ओढणारे बैल बघा, आणि ती अडवायला कोण येतं ते सांगा. कारण तिथे खर्च कारखान्याचा, वाहतूकदाराचा आणि साखर खाणाऱ्या आपला आहे. दया तिथपर्यंत पोचत नाही.

जंगली प्राण्यांच्या बाबतीत आपण हाच प्रयोग आधी करून पाहिला होता. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. गावं, शेतं, बाजार सगळं त्यात. शेतकऱ्याला जमिनीचे व्यवहार आणि विहिरी-इमारती यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले, माळढोकाबद्दल गावात आपुलकीऐवजी चीड साठली, पुढे क्षेत्र कितीतरी कमी करावं लागलं, आणि पक्षी तर जवळजवळ गेलाच. नांदेड-लातूरच्या शिवारात आज काळवीट आणि रोही पिकात शिरतात तेव्हा त्यांना वाचवण्याची वर्गणीही एकाच घरातून गोळा होते. ज्याच्या रानात प्राणी जगतो त्याच्या मनातून तो उतरला की कुठलीही अनुसूची, कुठलंही परिशिष्ट त्याला तारत नाही.

गोशाळांबद्दल आदर ठेवून एक सांगायला हवं. गोशाळेत जीव जगतो, जात जगत नाही. देवणीतले वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे प्रकार कुठल्या प्रयोगशाळेत ठरले नाहीत. कोणत्या गाईला कोणता वळू दाखवायचा, कोणता गोऱ्हा ठेवायचा, कोणता बडवायचा, चाल कशी, खूर कसा, ऊन किती सोसतो, हे पिढ्यान्‌पिढ्या हजारो गोठ्यांत रोज ठरत गेलं. त्या ठरवण्याचं नाव देवणी. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने या जातींवर काम केलं आहे, ते हवंच. पण संस्थेचा कळप हा बेण्याचा साठा असतो, पीक शेतकऱ्याच्याच रानात येतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या खिल्लारला बैलगाडा शर्यतीने भाव टिकवून दिला. त्या शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला. शर्यतीतल्या छळाबद्दल वाद घाला, जरूर घाला. पण मालकाला किंमत मिळाली की जनावर टिकतं, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

राज्यमातेच्या निर्णयाबरोबर गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपयांचं अनुदान जाहीर झालं. वर्षाचे १८,२५० होतात. हीच रक्कम म्हातारा बैल न सोडता दावणीला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला का नाही? दगडी भिंतीच्या आत बांधलेलं जनावर मदतीला पात्र आणि कुडाच्या गोठ्यातलं अपात्र, हा भेद कुठल्या शास्त्रात बसतो? राजस्थानने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बैलाने शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्याला वर्षाला ३०,००० रुपये देण्याची घोषणा केली. ती किती अमलात येते ते दिसेलच, पण पैसा कुणाच्या हातात जायला हवा हे तरी तिथे बरोबर ओळखलं गेलं. महाराष्ट्राला देवणी आणि लाल कंधारी हव्या असतील तर एकतर म्हाताऱ्या बैलाचा खर्च सरकारने उचलावा, नाहीतर तो विकण्याचा मालकाचा हक्क परत द्यावा. दोन्ही नाकारून वर फलक लावणं थांबवावं.

उरलं ते तुमचं-माझं. रब्बी ज्वारीची भाकरी आठवड्यातून चार दिवस ताटात आली, ज्वारीला भाव मिळाला, तर कडबा पिकेल. कडबा असेल तर दावण भरेल. देशी गाईचं दूध हवं असेल तर गावातल्या ओळखीच्या गोठ्यातून, ती गाय ज्या भावात परवडते त्या भावात घ्या. घासाघीस करून गोमाता म्हणू नका. शेणखत विकत घ्या आणि पैसे रोख द्या. उसाच्या गाड्या भर उन्हात दिसल्या तर तहसीलदाराला ३७ अंशांचा नियम लेखी कळवा. गोशाळेला देणगी द्यायचीच असेल तर आधी गावातल्या त्या घराला द्या, जिथे थकलेला बैल अजून खुंट्याला आहे आणि वैरण संपत आली आहे. आणि यातलं काहीच करायची तयारी नसेल, तर निदान दुसऱ्याच्या टेम्पोसमोर उभं राहू नका. ज्याला वैरणीचा भाव माहीत नाही, त्याने बैलाच्या बाजूने बोलायचा हक्क आधी कमवावा.